कोण कोणाच्या मागे

कळंबच्या चिंतामणीला जाताना चढायचं नसतं, उतरायचं असतं. देऊळ जमिनीच्या पोटात आहे. उन्हातून आत शिरलं की दगडी पायऱ्या सुरू होतात, तळव्यांना गारवा लागू लागतो, आणि खाली कुंड आणि चिंतामणी. परवा संकष्टीला मी मामाजींबरोबर गेले होते. रांग सरकत होती, पण एक बाई मूर्तीसमोरून हलत नव्हती. हातात दूर्वांची जुडी, डोक्यावरून ओढलेला पदर आणि तोंडात एकच घोष. "दे नं रे बाप्पा. मागच्या चतुर्थीलेही सांगतलं होतं तुले. दे नं." मागच्या माणसानं "चला नं मावशी" म्हटलं. ती दोन पावलं बाजूला सरकली आणि तिथून पुन्हा तेच.

वर उन्हात आल्यावर मामाजी चपला शोधत म्हणाले, "पाहिलं? असं मागे लागता आलं पाहिजे."

"देवाच्या मागे ठीक आहे," मी म्हणाले. "माणसाच्या मागे असं कुणी लागलं तर तो माणूस माझ्याकडे तक्रार घेऊन येतो."

वाद तिथे सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत पुरला.

मामाजी तालुक्यातल्या शाळांत तीसेक वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. फळ्यासमोर प्रमाण मराठी आणि ओसरीवर वऱ्हाडी, अशी त्यांची पहिल्यापासूनची रीत. आता लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. पांदण रस्ता, विजेची जोडणी, अडकलेलं अनुदान. म्हणजे ज्यांना कुणाच्या तरी मागे लागायचं आहे ते त्यांच्याकडे येतात. मी यवतमाळला वकिली करते. ज्यांच्या मागे कुणीतरी लागलं आहे ते माझ्याकडे येतात. एकाच गोष्टीची दोन टोकं आम्ही रोज पाहतो, आणि दोघांनाही आपलंच टोक खरं वाटतं.

घरी मामींनी साबुदाण्याची उसळ पुढ्यात ठेवली. स्टुलावरचा मामाजींचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, फोन पालथा घातला आणि विषयाला हात घातला.

"मराठी माणसानं या एका कामासाठी किती शब्द करून ठेवले, मोज. लहान पोट्टं पिरपिर करते. त्याले जत्रेतली शिट्टीच पाहिजे असंल तर ते टुमणं लावते. घरचं माणूस भुणभुण करते. पाहुण्याले 'राहा नं आजचा दिवस' म्हनतो, ती गळ. दुकानदार उधारीचा तगादा लावते, मास्तर गृहपाठाचा धोशा लावते, पोरगी लग्नाची झाली की सोयरेधायरे लकडा लावतात. उत्तर घेतल्याबिगर उठत नाही तो खनपटीले बसते. आणि ज्याच्यातून सुटकाच नाही तो ससेमिरा. आता एकाच्या जागी दुसरा घालून पाहा. 'आजीनं जेवणाचा ससेमिरा लावला' म्हण, पोट्टे हसतील. 'चौकशीची पिरपिर मागे लागली' म्हण, कोणी भेणार नाही. प्रत्येक शब्दाले आपली जागा आहे. ती जागा ज्याले कळली त्याची गफलत होत नाही."

"तुम्ही शब्द सौम्याकडून उग्राकडे लावलेत," मी म्हणाले. "मला त्यांचे वेगळेच दोन ढीग दिसतात. तगादा, भुणभुण, कटकट, पिच्छा, ससेमिरा, हे सोसणाऱ्याच्या तोंडचे शब्द. गळ, विनंती, आठवण, पाठपुरावा, हे मागे लागणाऱ्याच्या तोंडचे. 'आज मी चौघांना ससेमिरा लावून आलो' असं कुणी स्वतःबद्दल सांगत नाही."

"मी सांगतो. पांदणीसाठी मी तगादाच लावला होता."

"अर्जात काय लिहिलंत?"

मामाजी उठले आणि कपाटातून निळी फाइल घेऊन आले. टाचण्या गंजून कागदाला तांबूस डाग पडलेले. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच दिल्याचा गोल शिक्का, कुठे ठळक, कुठे शाई संपत आल्यासारखा. उजव्या कोपऱ्यात मामाजींच्या टपोऱ्या अक्षरात क्रमांक, त्याभोवती वर्तुळ. शेवटच्या कागदावर २७. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचू लागले, "वारंवार पाठपुरावा करूनही..." तिथे थांबले.

"आणि तिथल्या साहेबांनी याला काय नाव दिलं होतं?"

"म्हने, मास्तर, तुम्ही लय कटकट करता बावा."

एकच माणूस, एकच फाइल, सत्तावीस कागद. ओसरीवर त्याला तगादा म्हणतात, अर्जात पाठपुरावा आणि टेबलापलीकडे कटकट. मला वाटलं, वाद इथेच मिटला. पण मामाजींनी फाइल मांडीवर घेतली आणि बोटानं त्या एका शब्दावर टकटक केलं.

"पाठपुरावा हा शब्द तू मागे लागणाऱ्याचा म्हनून ठेवला. जुन्या मराठीत त्याचा अर्थ काय? पाठबळ. एखाद्या मताचा पाठपुरावा करणं म्हनजे त्याच्या पाठीशी उभं राहणं. मी त्या साहेबाच्या मागे लागलो हे तुले दिसते. मी कोणाच्या मागे उभा होतो, ते नाही दिसत? पावसाळ्यात त्या पांदणीत पोटरीएवढा गारा. बंडी फसली की बैल गुडघ्यावर येते. एका घरचं माणूस आजारी पडलं तर चौघांनी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. त्यांच्यासाठी ते सत्तावीस कागद."

यावर मला काही बोलता आलं नाही. पण शब्द मनात घोळत राहिला आणि एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. पिच्छा म्हणजे पाठ. पिच्छा पुरवणे आणि पाठपुरावा, दोन्हींची घडण एकच. पाठ आणि पुरवणे. एका माणसाच्या पाठीशी उभं राहण्याचा शब्द आणि एका माणसाची पाठ न सोडण्याचा शब्द भाषेनं एकाच लाकडातून कोरले आहेत. मी हे बोलून दाखवल्यावर मामाजी इतके खूश झाले की वाद विसरून त्यांनी मामींना हाक मारली आणि पुन्हा चहा मांडायला लावला.

चहा येईपर्यंत त्यांची गाडी रेल्वेवर गेली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. लांबी २८४ किलोमीटर. वर्ध्याहून कळंबपर्यंत पहिली गाडी सुटली २८ फेब्रुवारी २०२४ ला. "पंधरा वर्षं," मामाजी म्हणाले, "आणि अजून अर्धाही रस्ता नाही झाला. या जिल्ह्यानं इंग्रजाच्या काळातली शकुंतला पाहिली, यवतमाळहून मूर्तिजापूरले जाणारी अरुंद रुळाची गाडी, आणि ती बंद पडलेलीही पाहिली. आपल्याकडे जे आलं ते कोणीतरी निवेदनं घेऊन मागे लागलं म्हनून आलं. गप बसून आलेली एक गोष्ट मले दाखव."

मी दाखवू शकत नव्हते. पण माझ्या टोकाकडची गोष्ट मला सांगायची होती.

एक मुलगी माझ्याकडे आली होती. कॉलेजला रोज एसटीनं जायची. एक मुलगा रोज थांब्यावर उभा राहायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही. ती चढली की चढायचा, उतरली की उतरायचा. तिनं एकदा तोंडावर सांगितलं, माझ्या मागे येऊ नकोस. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. घरी सांगितलं तर काकू म्हणाली, "मागे लागलाय बिचारा, लग्नाचं विचारील." मैत्रिणी हसल्या. माझ्यासमोर बसल्यावर तिनं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. "तो मला त्रास देतो."

"मामाजी, त्रास या शब्दाचा संस्कृतात अर्थ काय?"

"भीती," ते लगेच म्हणाले.

"आणि छळ?"

"छल म्हनजे कपट."

"मराठीत आल्यावर त्रासातली भीती झिजली. आज डासांचा त्रास, उन्हाचा त्रास, ऍसिडिटीचा त्रास. ती मुलगी 'त्रास' म्हणाली तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्यांना डास ऐकू आला. ती भीती सांगत होती. तिला थांबा बदलावा लागला होता, मग वेळ बदलावी लागली, शेवटी ती शुक्रवारचा तास सोडू लागली. तुमच्या यादीत या मुलासाठी कोणता शब्द आहे? 'मागे लागणं'. तोच शब्द आई औषधासाठी मागे लागते तेव्हा, कुत्रं सायकलच्या मागे लागतं तेव्हा, आणि तुम्ही रस्त्यासाठी मागे लागता तेव्हाही. या एका शब्दाआड तो मुलगा वर्षभर लपला."

मामाजी गंभीर झाले. कायद्याला यासाठी वेगळा शब्द करावा लागला, हे मी त्यांना सांगितलं. २०१३ च्या दुरुस्तीनं भारतीय दंडसंहितेत पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीनं स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जात असेल, संपर्क साधू पाहत असेल, तर पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, दुसऱ्यांदा पाच. हात लावला की नाही, हे कायदा विचारत नाही. नकार कळला होता की नाही, एवढं विचारतो.

"मग खूण सापडली," मामाजी म्हणाले. "नकाराच्या आधी गळ, नकाराच्या नंतर पिच्छा. मी पोट्ट्यांना हेच शिकवायला पाहिजे होतं."

"तुम्हाला तर त्या कार्यालयानं सत्तावीस वेळा नकार दिला."

"त्यांचं वेगळं आहे," त्यांचा आवाज चढला. "त्या पोरीले नाही म्हनायचा हक्क आहे. तिचं मन तिचं आहे. त्या साहेबाले पांदणीले नाही म्हनायचा हक्क नाही. रस्ता त्याच्या घरचा नाही. जो देणं लागते त्याच्या नकाराले नकार म्हनत नाहीत."

हे वाक्य ऐकून मी क्षणभर त्यांच्या बाजूला गेले. मग लक्षात आलं की हेच वाक्य मी दुसऱ्या तोंडून ऐकलं आहे, माझ्याच ऑफिसात. वसुलीवाले हेच म्हणतात. घेतलं आहे ना, मग द्यायला नाही कसं म्हणता.

"खरंच आहे ते," मामाजी म्हणाले. फोन पुन्हा वाजला होता. त्यांनी पालथाच राहू दिला. "तगादा हा शब्दच मुळी अरबीतला तकाजा. मागणी, देण्याची मागणी. देणं लागत असंल तर तगाद्यात वाईट काय? किराणावाला गरीब आहे, त्याचे हजार रुपये अडकले, त्यानं चार वेळा विचारू नये?"

"किराणावाल्यानं विचारावं. पण तगाद्यामागे कोण उभं आहे ते पाहावं लागतं. पेशवाईच्या कागदांत मोहसल येतो. सरकारी बाकी राहिली की बाकीदाराच्या दारात माणूस आणून बसवायचे, आणि त्याचा मसाला, म्हणजे त्याच्या येण्याबसण्याचा खर्च, बाकीदारानंच द्यायचा. जितके दिवस बाकी, तितके दिवस तो दारात. हा बलवानाचा तगादा. आणि त्याच काळात दुर्बळाचाही एक होता."

"धरणं," मामाजी म्हणाले.

धरण्यावर आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण दोघांनाही ते आवडतं. आज धरणं म्हटलं की कलेक्टर कचेरीसमोरचा मंडप आठवतो. मूळ धरणं एकट्या माणसाचं होतं. ज्याचं येणं आहे तो देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा. तो उपाशी, म्हणून आतल्यानंही अन्नाला हात लावायचा नाही. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत हिंडणाऱ्या ब्रॉटन नावाच्या इंग्रजानं आपल्या पत्रांत याचं वर्णन केलं आहे. पगार थकलेले शिपाई मोठ्या सरदारांवरही धरणं धरत. इंग्रजांना ही चाल इतकी अवघड वाटली की १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली त्यांनी उदाहरणच घातलं: आपण दारात बसल्यानं समोरच्यावर देवाचा कोप होईल असं भासवण्यासाठी धरणं धरून बसणारा माणूस. आजच्या न्याय संहितेत तेच कलम ३५४ आहे.

मामाजी म्हणाले, "तुकोबा तरी काय करत होते? वह्या बुडाल्यावर तेरा दिवस इंद्रायणीच्या काठी अन्नपाण्यावाचून बसले, असं सांगतात. नामदेव लहान असताना नैवेद्य घेऊन विठोबासमोर अडून बसला, खात नाहीस तर डोकं आपटतो म्हनाला. आपल्या इथं इंद्रानं गौतमाच्या शापातून सुटायले चिंतामणीची आराधना केली म्हनतात, अंकुश मारून कुंड काढलं म्हनतात. अन् सकाळची ती दूर्वावाली बाई. सगळे धरण्यावरच बसलेले. मराठी माणसाची भक्ती म्हनजेच मागे लागणं."

"आणि देवाला कधी कुणी तुम्ही कटकट करता असं म्हणू दिलं नाही," मी म्हणाले, आणि हे मला अजूनही मनापासून वाटतं. देव बलवान आहे, त्याच्या मागे कितीही लागा, तो मोडणार नाही. उपाशी बसणाऱ्यानं धरण्यात स्वतःचं शरीर पणाला लावलेलं असतं. मोहसलाचं काहीच पणाला लागत नाही, त्याचा मसाला मिळत राहतो. म्हणून मला सावकारी कायदा वाचताना समाधान वाटतं. तिथे कर्जदाराचा छळ म्हणजे काय हे फोड करून लिहिलं आहे. मारहाण, धमकी तर आहेच, पण एका जागेहून दुसऱ्या जागी सतत मागे मागे जाणं आणि घराजवळ घुटमळत राहणं हेसुद्धा. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीसाठी सतत फोन करत राहू नका, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करूच नका, कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खाजगी आयुष्यात शिरू नका असं बजावलं आहे. देणं खरं की खोटं हा त्यात प्रश्नच नाही. देणं खरं धरूनच हे लिहिलं आहे.

"आपल्या जिल्ह्यात तगादा हा शब्द मला हलक्यानं उच्चारता येत नाही, मामाजी. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. दरवर्षी त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात. तेही धरणंच आहे. फक्त कोणाच्या दारात बसायचं ते सापडत नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. अंगणात मामींनी वाळत घातलेल्या सांडया कुणीतरी गोळा करत होतं. फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

मामी दारात आल्या. "घेत काहून नाही? दुपारपासून नुसता ससेमिरा लागला आहे त्याचा."

"ससेमिरा," मामाजी घाईनं म्हणाले. "हा शब्द राहूनच गेला. याची गोष्ट माहीत आहे का तुले?"

माहीत होती, पण मी नाही म्हटलं. विक्रमाच्या सिंहासनबत्तिशीत ती येते. नंद राजाचा मुलगा विजयपाल शिकारीला जातो, वाघाच्या भीतीनं झाडावर चढतो. झाडावर अस्वल असतं. अस्वल त्याला अभय देतं. रात्री आधी राजपुत्र झोपतो. वाघ खालून म्हणतो, टाक त्याला खाली. अस्वल म्हणतं, माझ्या भरवशावर झोपला आहे, टाकणार नाही. मग अस्वल झोपतं. वाघ राजपुत्राला तेच सांगतो. राजपुत्र ढकलतो. अस्वल फांदी धरून वाचतं आणि शाप देतं. राजपुत्र भ्रमिष्ट होऊन घरी येतो, तोंडात एकच, स-से-मि-रा. वैद्य थकतात. शेवटी शारदानंद नावाचा पंडित पडद्याआडून चार श्लोक म्हणतो. पहिला श्लोक विश्वासानं निजलेल्याला मारण्यात काय पुरुषार्थ असं विचारतो, आणि राजपुत्राच्या तोंडातला स गळतो. दुसऱ्यात मित्रद्रोहाला कोणत्याही तीर्थावर प्रायश्चित्त नाही असं येतं, से गळतो. मग मि. मग रा. चारी अक्षरं चार श्लोकांची पहिली अक्षरं होती. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दापाशी ही चार श्लोकांची हकिगत आहे.

मामाजी गोष्ट फार सुरेख सांगतात. प्रत्येक अक्षर गळताना त्यांनी एकेक बोट मिटलं. शेवटी मूठ राहिली.

"आपण ससेमिरा बाहेरून लागते असं बोलतो," ते म्हणाले. "गोष्टीत तो आतून लागला होता. त्याच्याच तोंडातून येत होता. अन् गेला कधी? पडद्यामागून कोणीतरी खरं बोललं तेव्हा."

"मग बोला," मी म्हणाले.

त्यांनी मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते जामीनदार राहिले होते. पोरगं चांगलं, वर्गात पहिलं बसायचं. दोन हंगाम कापूस बुडाला, हप्ते थकले, पोरगा कामाला बाहेर गेला आणि त्याचा फोन बंद झाला. आता वसुलीवाल्यांचे फोन मामाजींना येतात. दिवसाला दहा, बारा. वेगवेगळ्या नंबरवरून. परवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला फोन करून सांगितलं, तुमच्या मास्तरांना म्हणावं पैसे भरा. काल मामींच्या भावाला.

"सही माझी आहे," मामाजी म्हणाले. "देणं लागते. मी सगळ्या जन्मात मागे लागायले शिकवलं, अन् आता माझ्या मागे कोणी लागलं तर कोणत्या तोंडानं तक्रार करू? म्हनून तुले सांगतलं नाही."

मी त्यांना कायदा सांगितला. जामीनदाराचं देणं खरं असतं, ते मागण्याचा त्यांचा हक्क खरा आहे, त्यासाठी पत्र आहे, नोटीस आहे, कोर्ट आहे. त्या हक्कात किराणावाला बसत नाही. मामींचा भाऊ बसत नाही.

"आता मले सांग," त्यांनी विचारलं, "त्यांचा हा तगादा आणि माझे सत्तावीस अर्ज, यात फरक काय? तेही म्हनतात, आम्ही पाठपुरावा करतो. त्यांच्या मेसेजात तोच शब्द आहे. पाहा." त्यांनी फोन उलटा करून दाखवला. खरंच होता.

"तुम्ही प्रत्येक अर्जाखाली सही केलीत," मी म्हणाले. "नाव, गाव, तारीख. पोच घेतलीत. ज्यानं द्यायचं त्यालाच मागितलंत, त्याच्या बायकोला नाही, सोयऱ्यांना नाही, कचेरीच्या वेळेत. आणि तुमच्या मागे चौघं होती, बाज उचलणारी. यांना नाव विचारा, सांगत नाहीत."

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेले होते. फोन पुन्हा वाजायला लागला. मामाजींचा हात पुढे गेला, मी तो धरला. "घेऊ नका. वेळ लिहा."

त्यांनी निळी फाइल ओढली, कोरा कागद काढला, आणि सवयीनं उजव्या कोपऱ्यात २८ लिहून वर्तुळ केलं. मग 'प्रति' लिहिलं, 'विषय' लिहिलं आणि पेन तिथेच टेकून राहिलं.

"काय लिहू? तगादा? छळ?"

"मास्तर तुम्ही."

मामी अजून दारातच होत्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मले भेव वाटते तो वाजला की. रात्रीही वाजल्यासारखा वाटते. त्याले काय म्हनतात ते लिहा."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग टपोऱ्या अक्षरात, सावकाश, त्यांनी लिहिलं: त्रास. खाली तारीख घातली, आणि तिच्यापुढे वेळ, सायंकाळचे ७ वाजून २० मिनिटे. फोन अजून वाजत होता.